मोठ्या हार्डडिस्कवरून छोट्या एसएसडीवर विंडोज नेताना "जागा कमी" येतं, किंवा क्लोन होऊनही मशीन चालू होत नाही, तर काय पाहायचं

नागपुरात दुकानांमध्ये, क्लासेसमध्ये, घरोघरी जे जुने डेस्कटॉप चालून राहिले त्यातले बरेच तसे धडधाकट आहेत, प्रोसेसर ठीक, रॅम ८ जीबी, फक्त विंडोज अजून १ टीबीच्या हार्डडिस्कवर बसलेलं आहे आणि सगळा वेळ तिथेच जातो. मग कोणीतरी सांगतं एसएसडी टाक, बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) २४० किंवा २५६ जीबीची आणली जाते, क्लोन मारायला, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवायला घेतला की सॉफ्टवेअर म्हणतं डेस्टिनेशन डिस्क छोटी आहे. "भाऊ, डेटा तर दीडशे जीबीच आहे, मग काऊन नाही बसून राहिला?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की आता सगळं एका जागी लिहून टाकतो. एसएसडी बदलून आणायची गरज बहुतेक वेळा नसते, आणि विंडोज नव्याने टाकायचीही नसते.

पहिले आकडा नीट समजून घ्या. २४० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २२३ जीबी दिसते, २५६ वाली २३८, आणि १ टीबीची हार्डडिस्क ९३१. यात कोणी फसवलेलं नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून फरक. त्या २२३ मध्येही १५-२० टक्के जागा रिकामी ठेवायलाच पाहिजे, नाहीतर एसएसडी भरत आली की लिहायचा स्पीड पडतो आणि विंडोज अपडेटला जागा उरत नाही. म्हणजे सी ड्राइव्हवर वापरलेली जागा १७०-१८० च्या आत आली पाहिजे, तरच २४० वाली घेण्यात अर्थ आहे. त्याहून जास्त असेल आणि कमी होण्यासारखं नसेल तर सरळ ५०० वाली घ्या.

आता असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा सी १५०-२०० जीबीचा आणि बाकी डी, ई असे पार्टिशन पाडलेले असतात. तुमचं तसं असेल तर अडचण जवळपास नाहीच, फक्त "पूर्ण डिस्क क्लोन" हा पर्याय घेऊ नका. सी आणि त्याच्या आगेमागे जे छोटे पार्टिशन आहेत (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा १०० एमबीचा ईएफआय किंवा सिस्टिम रिझर्व्ह्ड, आणि रिकव्हरी) तेवढेच निवडून न्या, डी आणि ई जुन्या डिस्कवरच राहू द्या. खरा त्रास आहे तो ब्रँडेड मशीन आणि लॅपटॉपवाल्यांना, जिथे एकच लांबलचक सी आहे ९३१ जीबीचा.

तिथे डेटा १५० जीबी असूनही तो बसत नाही, कारण काही सॉफ्टवेअर वापरलेली जागा पाहतच नाहीत, पार्टिशन कुठे संपतं ते पाहतात. इतवारीतल्या गोदामात पोती मोजकीच असली पण एक पोतं पार शेवटच्या भिंतीला टेकून ठेवलं असेल तर गोदाम अर्धं भाड्याने देता येत नाही, तसंच हे आहे. एखादी फाइल जरी डिस्कच्या शेवटाकडे पडली असेल तर पार्टिशन त्या फाइलच्या अलीकडे छोटं होत नाही. म्हणून काम दोन भागांत करायचं: आधी सी छोटा करायचा, मग क्लोन.

पण त्याच्याही आधी जुन्या डिस्कची तब्येत पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात "करंट पेंडिंग सेक्टर" आणि "रीअलोकेटेड सेक्टर" यांच्यापुढे "रॉ व्हॅल्यूज"च्या रकान्यात शून्याऐवजी काही आकडा दिसला तर थांबा, पार्टिशन छोटं करायला डिस्क खूप घासली जाते आणि आजारी डिस्क त्यातच जीव सोडू शकते. अशा वेळी आधी महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर काढा. खरं तर डिस्क चांगली असली तरी हे कराच, टॅलीचा बॅकअप, घरचे फोटो, कागदपत्रांचे स्कॅन, काही झालं तरी हे दुसरीकडे असायलाच पाहिजे. आणि मे महिन्यात हे काम दुपारी बंद केबिनमध्ये करू नका. बाहेर ४५ डिग्री असताना तासन्‌तास वाचन चालू राहिलं की हार्डडिस्क ५० च्या वर सहज जाते. कॅबिनेट उघडं ठेवलं असेल तर त्यावर कूलरची थेट हवा तर बिलकुल नको, त्यात पाण्याचे बारीक थेंब येतात. सकाळी लवकर करा, आणि मशीन यूपीएसवर असू द्या, क्लोन अर्ध्यात असताना लाईट गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं, पार्टिशन छोटं करताना गेली तर डेटाही जाऊ शकतो.

जागा कमी करताना काय हलवायचं ते विझट्री किंवा विनडिरस्टॅट लावून पाहा, दोन मिनिटांत कळतं कोण बसलं आहे. लग्नाचे व्हिडिओ, मोबाइलचे बॅकअप, सीसीटीव्हीच्या क्लिप, डाउनलोड्स फोल्डर, यातच ९० टक्के मिळून जातं. "विंडोज डॉट ओल्ड" असेल तर डिस्क क्लीनअपमधून काढा, हाताने डिलीट करू नका. आणि विंडोजच्या आतलं "इन्स्टॉलर" नावाचं फोल्डर मोठं दिसलं म्हणून त्याला हात लावू नका, नंतर बरीच सॉफ्टवेअर धड अपडेट किंवा अनइन्स्टॉल होत नाहीत.

सी छोटा होत नाही तेव्हा

डिस्क मॅनेजमेंट उघडून सी वर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. इथेच लोक हात टेकतात, कारण ७५० जीबी रिकामी असताना विंडोज म्हणतं फक्त ४०-५० जीबी कमी करता येईल. कारण मधे अशा फाइल आहेत ज्या विंडोज चालू असताना हलत नाहीत: हायबरनेशनची फाइल, पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती), आणि सिस्टिम रिस्टोअरचे पॉइंट. तिन्ही तात्पुरते बंद करा. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून "पॉवरसीएफजी" लिहा, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ, एंटर, की हायबरनेशनची फाइल गेली. पेजफाइल अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सच्या आत व्हर्च्युअल मेमरीत जाऊन "नो पेजिंग फाइल" करा. सिस्टिम प्रोटेक्शन बंद करून जुने रिस्टोअर पॉइंट डिलीट करा. रीस्टार्ट करा आणि पुन्हा श्रिंक करून पाहा, बऱ्याच मशीनवर इथेच काम होऊन जातं.

तरीही नाही झालं तर अंदाजाने काही डिलीट करत बसू नका, विंडोज स्वतः सांगतं कोणती फाइल आडवी येऊन राहिली. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये अ‍ॅप्लिकेशन, तिथे सोर्स डीफ्रॅग आणि आयडी २५९ ची नोंद शोधा, ताजी. त्यात "लास्ट अनमूव्हेबल फाइल" म्हणून सरळ फाइलचा पत्ता लिहिलेला असतो. तिथे सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन दिसलं तर रिस्टोअर पॉइंट अजून गेलेले नाहीत. एखाद्या अँटिव्हायरसचं किंवा सर्च इंडेक्सचं नाव दिसलं तर ते थोडा वेळ बंद करून पुन्हा श्रिंक करा. आणि डॉलरच्या चिन्हामागे एमएफटी लिहिलं असेल तर ती फाइल म्हणजे त्या ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइलींची यादी आहे, ती विंडोज चालू असताना बाजूला होणार नाही, तिथे जीपार्टेडचा (पार्टिशन लहान-मोठं करायचं, विंडोजशिवाय चालणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्ह बनवून बाहेरून बूट करून पार्टिशन छोटं करावं लागतं. त्याच्याआधी सी वर चेकडिस्क एकदा चालवून घ्या आणि विंडोज पूर्ण शटडाउन करा, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर जीपार्टेड त्या पार्टिशनला हातच लावू देत नाही (वरची हायबरनेशनवाली कमांड दिली असेल तर फास्ट स्टार्टअप आपोआप बंद झालेलं असतं). २२३ च्या एसएसडीसाठी सी २०० च्या आसपास आणा, अगदी काठोकाठ नको.

लॅपटॉपवाल्यांसाठी दोन गोष्टी. रिकव्हरी पार्टिशन बऱ्याचदा डिस्कच्या पार शेवटी असतं, म्हणजे सी छोटा झाला तरी तो तुकडा तिकडे ९०० जीबीच्या पुढे बसलेला राहतो आणि क्लोन पुन्हा नाही म्हणतं. जीपार्टेडमध्ये तो सी च्या मागोमाग सरकवून घ्या, किंवा क्लोन करताना तो सोडून द्या. दुसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करून ठेवणारं एन्क्रिप्शन. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मालकाला माहीतही नसतं आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असतं. बाहेरून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरला मग आत किती डेटा आहे ते कळत नाही, ते पूर्ण डिस्क जशीच्या तशी उचलायला जातं आणि जागा पुरत नाही. सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन बंद करा, पूर्ण उतरू द्या, त्याला वेळ लागतो. आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून आधीच लिहून ठेवा, कागदावर, त्याच लॅपटॉपमध्ये नाही.

क्लोन

एसएसडीच्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर मिळत असेल तर तेच वापरा, सॅमसंगचं फक्त सॅमसंगच्या एसएसडीवर चालतं, क्रुशिअल आणि डब्ल्यूडीवाले अ‍ॅक्रोनिसचं देतात. मॅक्रियमचं फ्री व्हर्जन बऱ्याच जुन्या व्हिडिओंमध्ये दाखवतात, पण २०२४ पासून त्याचे अपडेट बंद आहेत. क्लोनझिला मोठ्यावरून छोट्या डिस्कला मुळातच नाही म्हणतो, ती तपासणी एक्स्पर्ट मोडमध्ये बंद करता येते पण पहिल्यांदा करणाऱ्याने त्यात पडू नये. डेस्कटॉप असेल तर एसएसडी थेट साटा केबलने जोडा. यूएसबीच्या स्वस्त केसमध्ये टाकून केलेला क्लोन कधीकधी मशीनमध्ये बसवल्यावर चालत नाही, कारण काही केस सेक्टरचा आकार ५१२ ऐवजी ४०९६ दाखवतात आणि पार्टिशनचं सगळं गणित मग चुकतं.

एसएसडी घ्यायच्या आधी बोर्डही पाहा. एच६१ चे बोर्ड अजून भरपूर चालून राहिले, त्यातल्या जुन्यांवर एम डॉट टूचा (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डवर बसवायचा) स्लॉट नसतो, आणि कार्ड लावून एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) बसवली तर ती विंडोजमध्ये दिसते पण तिच्यावरून मशीन सहसा सुरू होत नाही. अशा मशीनला साटाची अडीच इंची एसएसडीच घ्या, जुन्या हार्डडिस्कपेक्षा फरक तरीही जमीन-अस्मानाचा पडतो.

क्लोन पूर्ण झाल्यावर आता हे सगळ्यात महत्त्वाचं. मशीन बंद करा, जुन्या हार्डडिस्कची केबल काढा, आणि पहिलं बूट एकट्या एसएसडीवरून करा. दोन्ही जोडलेल्या ठेवून पहिल्यांदा चालू करू नका. दोन्ही डिस्कची आतली ओळख एकसारखी असते, बायोसमध्ये (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जुन्याच डिस्कची नोंद असते, मग विंडोज कुठून उठलं ते तुम्हाला कळत नाही, कधी एक डिस्क ऑफलाइन दिसते, कधी ड्राइव्हची अक्षरं उलटसुलट होतात, आणि एसएसडी टाकूनही फरक पडला नाही असं वाटत राहतं कारण विंडोज जुन्यावरूनच चालून राहिलेलं असतं.

एकटी एसएसडी असताना "बूट डिव्हाइस सापडत नाही" आलं तर आधी बायोसमध्ये जा. एमबीआर आणि जीपीटी या डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवायच्या जुन्या आणि नव्या पद्धती आहेत; जुनी डिस्क एमबीआर असेल तर लेगसी म्हणजे सीएसएम चालू पाहिजे, जीपीटी असेल तर यूईएफआय. निळा पडदा येऊन "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" दिसलं तर साटाचा मोड पाहा, आधी एएचसीआय (AHCI) होता की रेड (RAID), तोच परत ठेवा. साटावरून एनव्हीएमईवर गेला असाल आणि हेच येत असेल तर एकदा सेफ मोडमध्ये उठू द्या, तिथे ड्रायव्हर लागतो आणि पुढच्या वेळी नॉर्मल चालू होतं.

मशीन महिनोन्‌महिने चालते आणि मग एक दिवस उठत नाही

हा प्रकार सगळ्यात जास्त त्रासदायक आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. सक्करदऱ्यात ओळखीच्या एका ताईंचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं सेंटर आहे. त्यांच्या मशीनवर कोणीतरी एसएसडी टाकून दिली होती, फास्ट चालून राहिली होती, जुनी हार्डडिस्क आतच डी म्हणून ठेवलेली. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत त्यांच्या मुलाने ती जुनी डिस्क काढून सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला लावली, डीव्हीआरने ती फॉरमॅट केली, आणि सकाळी मशीनवर काळ्या पडद्यावर "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस". बाहेर पोरं कागदपत्रं घेऊन उभी. एसएसडी ठणठणीत होती, विंडोज तिच्यावर पूर्ण होतं, फक्त मशीन सुरू करणाऱ्या फाइली जुन्या डिस्कच्या १०० एमबीच्या पार्टिशनवर होत्या आणि तेच गेलं होतं. क्लोन करणाऱ्याने फक्त सी नेला होता.

तुमच्या मशीनवर हे आहे का ते आत्ता, चालू असतानाच पाहा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये प्रत्येक पार्टिशनखाली कंसात लिहिलेलं असतं. "सिस्टिम" (ईएफआय असेल तर "ईएफआय सिस्टिम पार्टिशन") जिथे लिहिलं आहे तिथून मशीन सुरू होते, आणि "बूट" जिथे आहे तिथे विंडोज आहे. दोन्ही एकाच डिस्कच्या ओळीत पाहिजे. सिस्टिम डिस्क ० वर ९३१ जीबीवाल्या ओळीत आणि बूट डिस्क १ वर २२३ वाल्या ओळीत दिसून राहिलं तर जुनी डिस्क काढायची नाही. ईएफआयचा तुकडा दोन्ही डिस्कवर दिसला तर कोणता वापरात आहे ते नुसतं पाहून कळणार नाही, तिथे जुन्या डिस्कची केबल काढून मशीन उठते का हीच परीक्षा.

दुरुस्ती अशी, जीपीटी आणि यूईएफआयवाल्या मशीनसाठी. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये "डिस्कपार्ट". मग "लिस्ट डिस्क", त्यात आकार पाहून एसएसडी ओळखा, २२३ वाली, नंबरवर भरवसा ठेवू नका कारण तो बदलतो. "सिलेक्ट डिस्क" आणि तिचा नंबर. "लिस्ट पार्टिशन", त्यातला मोठा म्हणजे सी, तो सिलेक्ट करा. "श्रिंक डिझायर्ड" बरोबर ३०० (बरोबर म्हणजे इथे आणि पुढेही = हे चिन्ह), म्हणजे सी मधून ३०० एमबी निघाले. "क्रिएट पार्टिशन ईएफआय". मग फॉरमॅट क्विक, एफएस बरोबर फॅट३२. "असाइन लेटर" बरोबर एस. एक्झिट. आता "बीसीडीबूट", स्पेस, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, एस कोलन, स्पेस, स्लॅश एफ, स्पेस, यूईएफआय. "बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड" आलं की झालं. मशीन बंद करा, जुनी डिस्क काढा, चालू करून पाहा.

एमबीआरवाली जुनी मशीन असेल तर वेगळं पार्टिशन लागत नाही, डिस्कपार्टमध्ये एसएसडीवरचा सी सिलेक्ट करून "अ‍ॅक्टिव्ह" करा, मग बीसीडीबूट तसंच, पण एस कोलनच्या जागी सी कोलन आणि शेवटी यूईएफआयऐवजी बायोस. तरी नाही उठली तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूटसेक्ट, एनटी६० आणि एमबीआर पर्यायासकट, सी वर चालवा.

ताईंच्या मशीनसारखं आधीच बंद पडलं असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करून पहिल्याच स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ१० दाबा, कमांड प्रॉम्प्ट उघडतो, पुढे सगळं तेच. फक्त तिथे सी चं अक्षर वेगळं असू शकतं, म्हणून आधी "डीआयआर" देऊन विंडोज फोल्डर कुठे दिसतं ते पाहून घ्या. ताईंची मशीन याच पद्धतीने त्याच सकाळी सुरू झाली, एकही फाइल गेली नाही.

नंतरची कामं, जी राहून जातात

पेजफाइल परत चालू करा, ४ जीबी रॅमवाल्या मशीनवर ती बंद राहिली तर क्रोमच्या चार टॅबमध्ये मेमरीची एरर येते आणि लोक एसएसडीला दोष देतात. सिस्टिम प्रोटेक्शन परत चालू करा. सी च्या मागे रिकामी जागा उरली असेल तर एक्स्टेंड करून घ्या. ट्रिम (डिलीट केलेली जागा एसएसडीला कळवायची सोय) चालू आहे का ते पाहायला "एफएसयूटिल बिहेव्हिअर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय" ही कमांड द्या, उत्तर शून्य आलं म्हणजे चालू आहे. डाउनलोड्स आणि व्हिडिओचे फोल्डर डी वर वळवा, नाहीतर २२३ जीबी परत भरायला वेळ लागत नाही. विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन डिस्क बदलल्याने सहसा जात नाही कारण ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं, पण टॅलीवाल्यांनी काम सुरू करायच्या आधी लायसन्स सरेंडर करून ठेवावं आणि नंतर परत अ‍ॅक्टिव्हेट करावं. आणि एक लक्षात असू द्या, क्लोन म्हणजे विंडोज १० असेल तर १० च येणार, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्याचा विचार वेगळा करावा लागेल.

जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका, काही आठवडे कपाटात तशीच राहू द्या, त्या काळात प्रिंटर, टॅली, स्कॅनर, डिजिटल सिग्नेचरचं टोकन सगळं एकेकदा वापरून होतं. मग ती डेटासाठी परत लावायची असेल तेव्हा डिस्कपार्टमध्ये "क्लीन" द्यायच्या आधी "डिटेल डिस्क" देऊन मॉडेलचं नाव वाचा, क्लीन पुन्हा विचारत नाही, एंटर दाबलं की त्याच क्षणी सगळे पार्टिशन जातात.